गिरिपुष्प की अ‍ॅझोटोबॅक्टर? प्रश्नच चुकीचा विचारलाय



आज पेरणीची नोंद टाकायची होती. सोयाबीन, तूर परवा उरकलं, ओल बरी आहे, बाकी पुढच्या आठवड्यात सांगेन. आज दुसरंच लिहितो, कारण ते पोटात ठेवलं तर रात्री झोप लागायची नाही.

चार दिवसांपूर्वी मारुतीच्या देवळात बैठक झाली. जिवाणू खतं विकणारा एक तरुण पोरगा आला होता. बोलायला गोड, चहा त्याच्याकडूनच. प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कागद दिला. मधे उभी रेघ. डावीकडं बांधावरच्या गिरिपुष्पाचं चित्र, उजवीकडं अ‍ॅझोटोबॅक्टरची बाटली. डाव्या बाजूला लिहिलेलं: तीन वर्षं वाट बघा, सावली पडते, छाटायला मजूर लागतात, बांधालगतच्या ओळी बसतात. उजव्या बाजूला: एकरी एक लिटर, आठ दिवसांत फरक, मजुरी नाही, हवेतला नत्र फुकट. आणि तळाला ठळक अक्षरात: बांध मोकळा करा, उत्पन्न वाढवा.

आमच्या गावात कागदावर छापलेलं वाचलं की निम्मं खरं वाटतं. रंगीत असलं तर पाऊण.

घरी आलो तर पुतण्या दारातच उभा. म्हणाला, "आप्पा, शेजारच्या शेततळ्यावर जेसीबी आलाय. दोन तासांत आपला खालचा बांध साफ करून देतो म्हणतोय. चार तासं जास्त बसतील." खालचा बांध म्हणजे माझ्या ३४० गिरिपुष्पांपैकी १२० झाडं. बी टाकून, पिशवीत रोपं करून, दोन उन्हाळे डोक्यावरून घागरी वाहून जगवलेली. पोरगं वाईट नाही. शेतीत त्याला माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढायची आहेत आणि हिशेब मागायचा त्याला हक्क आहे. म्हणून हा हिशेब त्याच्यासाठी, आणि त्या देवळात मान हलवणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधीच सांगतो, मी बाटलीचा वैरी नाही. तीन वर्षं मीच ओतलीय. ज्वारीला, मग गव्हाला. पहिल्या वर्षी पीक हिरवंगार दिसलं. तसं ते बाटली न ओतलेल्या शेजाऱ्याचंही दिसत होतं, पण पैसे माझे गेले होते, म्हणून मला माझंच जास्त हिरवं दिसलं. तिसऱ्या वर्षी उरलेली बाटली ओळखीच्या एका प्राध्यापकांना दिली. त्यांनी प्रयोगशाळेत मोजून सांगितलं, लेबलवरच्या आकड्याच्या जवळपासही जिवंत जिवाणू नाहीत. दोष कुणाचा? बनवणाऱ्याचा असेल, दुकानदाराचा असेल. पण ती बाटली एप्रिल-मे दोन महिने मोटरीच्या खोलीत पत्र्याखाली मीच ठेवली होती. त्या पत्र्याखाली माणूस दहा मिनिटं बसत नाही. जिवाणू सजीव आहे हे सगळ्यांना तोंडपाठ, मात्र ठेवतो आपण त्याला तणनाशकाच्या डब्याशेजारी.

बरं, समजा बाटली ताजी आहे, थंड जागेतली आहे, एक नंबर आहे. आता कागद-पेन्सिल घ्या.

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आली. द्रवरूप अ‍ॅझोटोबॅक्टरला नियम आहे, एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी. एका लिटरमध्ये झाल्या १० हजार कोटी. ऐकायला आकडा केवढा मोठा! आता एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती घ्या. तिचं वजन भरतं साधारण साडेआठ लाख किलो, म्हणजे ८५ कोटी ग्रॅम. भागाकार करा. एका ग्रॅम मातीला सव्वाशेसुद्धा पेशी येत नाहीत. आणि त्या एका ग्रॅम मातीत आधीपासून राहणारे निरनिराळे जिवाणू आहेत कोटींनी. पंढरपुरात आषाढीला सव्वाशे पाहुणे सोडायचे आणि उद्यापासून गाव ते चालवतील म्हणायचं, असला हा प्रकार. गावकरी त्यांना जागा देतील का? जेवायला घालतील का?

म्हणूनच जुन्या शिफारशीत जिवाणू बियाण्याला चोळायला सांगतात. तिथं तो मुळाच्या तोंडाशी पोचतो, थोडक्या जागेत संख्या मोठी राहते. पाटपाण्यातून एकरभर ओतण्यात विकणाऱ्याची सोय जास्त, कारण चोळायला पाकीट पुरतं आणि ओतायला कॅन लागतो.

आता खरा मुद्दा. हवेतला नत्र फुकट, हे त्या कागदावरचं सगळ्यात मोठं असत्य आहे.

हवेत नत्र भरपूर आहे, खरंय. पण त्याची घट्ट जोडी तोडायला ताकद लागते. युरियाच्या कारखान्यात ती ताकद गॅसमधून येते, जिवाणूच्या अंगात अन्नातून. अ‍ॅझोटोबॅक्टरचं दुखणं असं की नत्र तोडणारी त्याची यंत्रणा ऑक्सिजन लागला की बिघडते, आणि तो राहतो हवेशीर मातीत. मग आतला ऑक्सिजन संपवत राहायला तो धापा टाकल्यासारखा श्वास घेतो, भराभर साखर जाळतो. सजीवांमध्ये इतक्या वेगानं श्वास घेणारे फार थोडे. परिणाम काय? प्रयोगशाळेत, सगळं मनासारखं दिलं तरी, एक ग्रॅम साखर खाऊन तो १० ते २० मिलिग्रॅम नत्र बांधतो. उलटं मांडा: एक किलो नत्रासाठी ५० ते १०० किलो साखर.

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असतो पावणेएकवीस किलोच्या आसपास. तेवढा नत्र अ‍ॅझोटोबॅक्टरकडून बांधून घ्यायचा तर त्याला एक ते दोन टन साखर खाऊ घालायला पाहिजे. पन्नास किलोची वीस ते चाळीस पोती! आमच्या मुरमाड रानात सेंद्रिय कर्ब ०.४ च्या आसपास. धसकटं वेचून चुलीत जातात, तुराट्या बांधावर जाळतो, कडबा जनावराला, शेण गोवऱ्यांना. वीस पोती साखर तर सोडाच, त्या बिचाऱ्याला चिमूटभर मिळायची मारामार, आणि त्या चिमटीवरही आधीच कोट्यवधी तोंडं टपलेली.

पूर्वी रशियात, सोव्हिएत काळात, अ‍ॅझोटोबॅक्टरचं खत सरकारी पातळीवर फार मोठ्या क्षेत्रावर वापरलं गेलं. अनुभव काय आला? काही पिकांत थोडी वाढ, काहींत काहीच नाही. जी वाढ दिसली तिचं श्रेय पुढं अभ्यासकांनी नत्रापेक्षा जिवाणूनं सोडलेल्या वाढद्रव्यांना जास्त दिलं. म्हणजे रोप जोमात उगवणं, मुळी फुटणं, हा फायदा खरा आहे. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत मी अजूनही वापरतो, आणि वापरणार. पण रोपाला टॉनिक म्हणून विका ना. "नत्राची बचत" म्हणून कशाला विकता?

हा जिवाणू १९०१ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञानं शोधला. त्या कामात त्याला दोन प्रकार सापडले, एक मातीतला आणि दुसरा गावातल्या कालव्याच्या पाण्यातला. म्हणजे मातीत, पाण्यात, सगळीकडं राहणारा हा प्राणी. तुमच्या रानातही असणार. नसला तर का नाही, हे विचारायचं सोडून आपण विकत आणून सोडतो. चिमण्या येत नाहीत म्हणून बाजारातून चिमण्या आणल्यासारखं. दाणे कोण टाकणार?

आता गिरिपुष्पाकडं येतो. काही भागात याला उंदीरमारी म्हणतात. मूळचं मध्य अमेरिका, मेक्सिकोकडचं. तिकडं कोकोच्या बागेत सावलीला लावत आले. पाला चुरगळला की वाळत्या गवतासारखा वास येतो, तो कूमारिन नावाच्या द्रव्याचा. पाला आंबताना सूक्ष्मजीव त्याच कूमारिनपासून रक्त गोठू न देणारं द्रव्य बनवतात. उंदीर मारायचा गुण येतो तो तिथून. झाडाला नाव मिळालं उंदीरमारीचं आणि विष बनवलं सूक्ष्मजीवांनी!

हसण्यावारी नेऊ नका, कारण नत्राचीही तीच गोष्ट आहे. गिरिपुष्प हवेतला नत्र घेतं असं आपण म्हणतो. झाडाला ते येत नाही. कुठल्याच झाडाला येत नाही. त्याच्या मुळाच्या गाठीत रायझोबियम जिवाणू बसलेला असतो, नत्र तो बांधतो. दोन-तीन वर्षांचं रोप पावसाळ्यात हलकेच उकरून बारीक मुळं बघा. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा मातकट असेल तर गाठ म्हातारी झाली किंवा भाडेकरू कामाचा नाही.

आता मला सांगा, झाड विरुद्ध जिवाणू हा सामना लावला कुणी? डावीकडच्या चित्रातसुद्धा जिवाणूच आहे. फरक एवढाच की तो सालगडी आहे. झाडानं त्याला राहायला खोली दिलीय, पानात तयार झालेली साखर दोन वेळ पोचती करतं, आणि तो गुलाबी रंग ज्याचा आहे ते द्रव्य गाठीतला ऑक्सिजन मोजून-मापून पुरवतं. म्हणून त्याला धापा टाकाव्या लागत नाहीत, आणि एक किलो नत्रामागं त्याचा खाण्याचा खर्च अ‍ॅझोटोबॅक्टरपेक्षा कितीतरी कमी. बाटलीतला अ‍ॅझोटोबॅक्टर म्हणजे रोजंदारीवरचा माणूस. उन्हातून आणला, रानात सोडला, भाकर त्यानं स्वतःची शोधायची. वर संध्याकाळी आपणच विचारणार, काम का झालं नाही?

दोघांची तुलना करायचीच तर अशी करा की कामगाराला जेवू कोण घालतंय. त्या रंगीत कागदावर जेवणाचा रकानाच नाही.

आता पुतण्याचा प्रश्न. तो माझ्याच्यानं टाळवत नाही. "आप्पा, तुमच्या ३४० झाडांतून नत्र किती मिळतो ते सांगा." घ्या. मी तोलकाट्यावर मोजलंय. वर्षात दोन छाटण्या, दोन्ही मिळून झाडामागं सरासरी पाच किलो ओला पाला आणि कोवळ्या फांद्या. एकूण १७०० किलो. वाळला की राहतो पावणेचारशे किलोच्या आतबाहेर. वाळल्या पाल्यात साधारण तीन टक्के नत्र धरला तर झाला अकरा किलो. युरियाच्या अर्ध्या पोत्याहून किंचित जास्त. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं. म्हणजे माझ्या झाडांचा वर्षाचा नत्र दीडशे रुपयांचा! आणि छाटायला, पसरायला घरची माणसं धरून आठ मजूर.

पोरगं जिंकलं म्हणायचं का?

नत्र या एका रकान्यात बसवलं तर झाड हरलं. त्या रकान्यात बाटलीही हरली, पण ते कागदावर छापलं नाही, कारण बाटलीच्या बाजूला प्रयोगशाळेतलं स्वप्न लिहिलं आणि झाडाच्या बाजूला मजुराची मजुरी. अनुदानातल्या युरियाशी नत्रात कोण स्पर्धा करणार? शेणखतसुद्धा हरेल. म्हणून उकिरडा बुजवायचा का?

मी झाड नत्रासाठी ठेवलेलंच नाही. ते पावणेचारशे किलो वाळलं वस्तुमान दरवर्षी रानात जातं, त्यासाठी ठेवलंय. सोबत पालाश जातं, जे युरियात औषधालाही नाही. बांधाची माती मुळांनी धरलीय. माझ्या खालच्या बांधाला गेल्या मोठ्या पावसात खांडं पडली नाहीत, शेजाऱ्याच्या मोकळ्या बांधाला तीन पडली. जाड फांद्या कुंपणाला आणि चुलीला होतात. आमच्या भागातली जनावरं या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळं सुटलेल्या गुरांपासून झाड वाचतं. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं, ते त्या पोराला विचारा.

आणि अतिशयोक्ती माझ्याकडूनही ऐकून घेऊ नका. एका एकरात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर साडेआठशे किलो कर्ब मातीत टिकून राहायला पाहिजे. माझ्या वर्षभराच्या पाल्यात कर्ब आहे पावणेदोनशे किलोच्या आसपास, त्यातला बराचसा कुजताना हवेत जातो. म्हणून तीन एकरात चिमूट चिमूट टाकायचं सोडून मी दरवर्षी एकाच एकराला सगळा पाला देतो, आळीपाळीनं. माती तपासणीचा आकडा हळू हलतो, एका वर्षी तर उलटा खाली आला. पण कुळव चालवताना पायाला कळतं. ढेकळं कमी निघतात आणि पाऊस उघडल्यावर वाफसा लवकर येतो. ज्यांना एका हंगामात कर्ब दुप्पट झालेला दिसतो, त्यांना नमस्कार करून पुढं जावं.

कुणी हुशार म्हणेल, मग भांडता कशाला, पाला टाका आणि वर बाटली ओता, जिवाणूला जेवण मिळेल. इथं एक गोम आहे, आणि कृषी पदवीधर मित्रांनी ती गावात सांगायला पाहिजे होती. गिरिपुष्पाचा पाला नत्रानं भरलेला असतो. तो भराभर कुजतो, ओल असली तर चार-सहा आठवड्यांत निम्म्याहून जास्त संपतो आणि अमोनिया मातीत सोडतो. आयता नत्र समोर असला की अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र तोडायच्या भानगडीत पडतच नाही, ती यंत्रणा बंद करून ठेवतो. का तोडेल? घरात भाकरी असताना माणूस दळण दळत नाही. युरिया टाकलेल्या रानातही तेच. म्हणजे पेरताना युरिया आणि आठ दिवसांनी "नत्र बांधणारी" बाटली, हा जो सर्रास कार्यक्रम चालतो, त्यात बाटलीतला जिवाणू जिवंत असला तरी हाताची घडी घालून बसणार. त्याला नत्र बांधायला लावायचं असेल तर ज्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी असं खाणं द्यावं लागतं: ज्वारीची धसकटं, गव्हाचं काड, बारीक केलेल्या पऱ्हाट्या. जे आपण जाळतो, नेमकं तेच.

रायझोबियमच्या पाकिटाबद्दल मात्र वेगळं बोलतो, कारण त्याला पिकाकडून जेवण मिळतं. हरभऱ्याला हरभऱ्याचं, सोयाबीनला सोयाबीनचं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, दुकानदार "सगळ्याला चालतंय" म्हणाला तर पाकीट परत करा. आणि क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. मी स्वतः एका वर्षी सगळं एकाच घमेल्यात कालवलं होतं. वीस-पंचवीस रुपयांचं पाकीट मेलं, कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांच्या मते बाटली म्हणजे रंगवलेलं पाणी, सगळं झाडच करतं, निसर्ग बघून घेईल. त्यांना विचारतो, गाठीत काय आहे मग? आणि छाटणीला जूनमध्ये मजूर कोण देणार? गिरिपुष्पाचं खरं दुखणं ते आहे. पाला पाहिजे पेरणीच्या आगेमागे, आणि त्याच आठवड्यात गावातला प्रत्येक हात पेरणीत गुंतलेला. छाटणी लांबली की पेरलेल्या पिकावर सावली पडते, आणि मग बांधालगतच्या ओळी बसतात. त्या कागदावरची ती तक्रार खरी आहे, माझ्या पहिल्या ओळीतली सोयाबीन कमीच भरते. पहिली दोन-तीन वर्षं हातात काही येत नाही, हेही खरं. छाटक्यापेक्षा बियाचं झाड आमच्या उथळ रानात बरं टिकलं, सोटमूळ खाली जातं. छाटका लवकर फोफावतो पण दोन छाटके वाऱ्यानं मुळासकट पडलेले मी पाहिलेत. पाणथळ जागी लावून बघितलं, पिवळं पडून मेलं. हे सगळं सोसून मी ठेवलंय, आंधळेपणानं नाही.

कृषी विद्यापीठातल्या, खात्यातल्या मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या शिफारशीच्या पत्रकात जिवाणू संवर्धकाचं प्रमाण एका पानावर असतं आणि बांधावरची हिरवळ दुसऱ्या पानावर. दोन्ही पानांवर एक ओळ नसते: "तुमचा सेंद्रिय कर्ब इतका असेल तर यातून इतकीच अपेक्षा ठेवा." ती ओळ नसल्यामुळं विकणारा मधल्या जागेत रंगीत कागद घालतो. तुम्हाला ते खोटं आहे हे कळतं. देवळात आमच्या शेजारी बसून तुम्ही गप्प राहता, हे मला जास्त लागतं.

आणि प्रात्यक्षिक घ्यायचं तर नीट घ्या. बाटलीचा प्लॉट रस्त्याकडेला, त्याला पाणी वेळेवर, खुरपणी दोनदा. शेजारी विनाबाटलीचा प्लॉट, तो कुणाच्या नशिबावर? मला तीन प्लॉट दाखवा. एकात जिवंत बाटली. दुसऱ्यात तीच बाटली उकळून, जिवाणू मारून. तिसऱ्यात नुसतं पाणी. बाकी मशागत सारखी. उकळलेल्या बाटलीनंही तेवढंच पीक हिरवं झालं तर आपण जिवाणूचे पैसे देत नाही, बाटलीतल्या गुळाच्या पाण्याचे देतोय. हा प्रयोग करायला शास्त्रज्ञ लागत नाही, चूल लागते. देवळात मी हे विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, जिवंत वस्तू उकळायची कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. उत्तर मिळालं नाही.

पुतण्याशी काल रात्री बसलो. वरचा सगळा हिशेब वहीवर मांडला. तो म्हणाला, "म्हणजे बाटली घ्यायची नाही आणि झाडानंही पैसे होत नाहीत." मी म्हटलं, हो, एका वर्षाच्या हिशेबात नाहीच होत. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण चार तासं वाढतील हे तर खरं ना?" तेही खरं. मी त्याला एवढंच सांगितलं की पाऊस उघडला की खालच्या बांधाला आणि शेजाऱ्याच्या मोकळ्या बांधाला एकेक टोपलं माती उकर, दोन्ही पत्र्यावर पसर, हातात घेऊन बघ. मग जेसीबीवाल्याला फोन करायचा की नाही ते तू ठरव. बांध पुढं त्याचाच आहे.

आज सकाळी तो खालच्या बांधाला गेला होता. कुदळ घेऊन गेला, की जेसीबीवाल्याला जागा दाखवायला, ते मी विचारलं नाही. दोन टोपली मात्र गोठ्यापुढं पालथी दिसली. माती अजून ओली आहे, पत्र्यावर सुकायला दोन दिवस लागतील.

आमच्याकडं पहिली छाटणी उद्यापासून. ज्यांना बी पाहिजे असेल त्यांनी उन्हाळ्यात या, शेंगा वाळून तडकायच्या आधी. पिशवी आणि विळा आपापला आणायचा, माझा गेल्या वर्षी कुणी नेला तो अजून आलेला नाही.